सांधजाईच्या झाडावरचे पाय

सत्तावीस पाय तुम्ही कापलेत. करवत डॉक्टरांच्या हातात होती, हुकूम तुमचा होता. कापायची गरज होती की नव्हती, हे बघायला तुमच्यातला एकही जण घाट चढून आला नाही. आणि एवढं करून योजनेला नाव काय दिलंत, तर 'अंगरक्षा'. खाटीक तुमच्यापेक्षा परवडला. बोकडाला कापताना तो निदान 'तुझी काळजी घेतोय' असं म्हणत नाही.

काजळखोरं कुठं आहे ते नकाशावर बोट ठेवून तुम्हाला दाखवता येणार नाही. तिथल्या माणसाच्या नडगीचा निकाल मात्र तुम्ही लावता. म्हणून सर्जेराव लोहाराची गोष्ट तुमच्यासाठी पहिल्यापासून सांगायला हवी.

सर्जेराव हा काजळगावच्या उपजिल्हा रुग्णालयात प्लास्टर घालणारा माणूस. बाप ऐरणीवर विळे ठोकायचा, मुलगा मोडलेली हाडं बांधायला लागला. तेहतीस वर्षं बांधली. प्लास्टर घालून झालं की खिशातला जाड काळा पेन काढायचा आणि प्लास्टरवर तीन गोष्टी लिहायच्या: केस नंबर, तारीख, आणि आत हाड जसं मोडलंय तशी त्याची रेघ. अक्षर कोरल्यासारखं. या अक्षराचा त्याला भारी अभिमान. कुणी दाद दिली नाही तर स्वतःच म्हणायचा, "बघून घ्या, छापील वाटतंय का नाही?"

माणूस तो देशावरचा, खोऱ्यातला नव्हे. खोऱ्यातल्या लोकांवर त्याचा एकच राग. हे लोक प्लास्टर घालून घ्यायला येत, काढायला कधी येत नसत. सहा महिन्यांनी, वर्षानं तपासायला या, असं बजावून सांगितलं तरी शंभरातले आठ-नऊ येत. बाकीचे गायब. "गरज सरो, वैद्य मरो," सर्जेराव चडफडायचा आणि रजिस्टर ओढायचा. अकरा वर्षांपूर्वी वरून एक परिपत्रक आलं होतं: 'जो रुग्ण वर्षाच्या तपासणीस हजर राहणार नाही, त्याचा निकाल असमाधानकारक या रकान्यात नोंदवावा.' खाली सही अशी की कोंबडीचे पाय बरे. सर्जेरावानं ते परिपत्रक अक्षरशः पाळलं. रागानं पाळलं, हेही खरं. नाही येत ना? मग जा असमाधानकारकमध्ये.

हा रकाना ध्यानात ठेवा.

त्याची लेक वैजयंता वीज कंपनीत लाइनवर होती. वय एकोणतीस. खोऱ्यात पोलावर चढणारी पहिली बाई. 'बाईमाणसाचं हे काम हाय का' असं पारावर बसून म्हणणाऱ्यांच्या घरातला फ्यूज तीच बसवून यायची, आणि उतरताना म्हणायची, "आता बोला, उजेडात बरं बोलता येतं." फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सिमेंटचा पोल उतरवताना साखळी सुटली आणि पोल तिच्या डाव्या नडगीवर आला.

रुग्णालयात आणली तेव्हा सर्जेराव एका म्हाताऱ्याच्या मनगटाला पट्टी गुंडाळत होता. त्यानं स्ट्रेचरवरचा बूट ओळखला. पुढं जाऊन त्यानं लेकीच्या तोंडाकडे बघितलं नाही, आधी पावलाकडे बघितलं. नडगीचं हाड बाहेर, चिखल, कातडी सोललेली. अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख पुन्हा गुलाबी झालं.

"वैजे, कुठं लागतंय?"

"कुठं नाही ते विचारा आप्पा. आणि टाचेला खाज सुटलीय, ती आधी खाजवा."

सर्जेरावानं टाच खाजवली आणि भिंतीला टेकला. टाचेला खाज कळतेय म्हणजे शीर जिवंत. नख गुलाबी होतंय म्हणजे रक्त पोचतंय. असा पाय वाचतो. त्यानं स्वतः असे पाय उभे राहिलेले बघितले होते.

हाडांच्या डॉक्टर होत्या नजमा मुजावर. वय पस्तीस, बोलणं तोडून. त्यांनी जखम धुतली, पायाला तात्पुरता आधार बांधला आणि 'अंगरक्षा'ची बाही चढवली. नियमच तसा.

ही बाही म्हणजे राखाडी रबराचा लांब मोजा. त्याच्या आतून न दिसणारा उजेड मांसात जातो आणि परत येताना मांसाला प्राणवायू किती मिळतोय ते सांगतो. आवाजाच्या लहरी हाडाचे तुकडे मोजतात. सुई टोचून रक्त घेतलं जातं. इथवर सगळं उत्तम, बाही बनवणाऱ्यांच्या हुशारीला नमस्कार. पुढं मात्र हा पाय यंत्राच्या पोटात साठवलेल्या एक लाख नव्वद हजार जुन्या पायांशी ताडला जातो. असे पाय पूर्वी वाचवले तेव्हा वर्षानंतर त्यांचं काय झालं, हे बघून यंत्र शंभरपैकी गुण देतं. पन्नासच्या वर गुण पडले तर भिंतीतल्या कुलूपबंद कपाटाचा वरचा खण उघडतो. त्यात हाडाची जाळी असते. हल्लीचा मोठा शोध तो: हाडाच्याच क्षारांची छापलेली जाळी, तिच्यात रोग्याच्याच हाडातला मगज भरायचा आणि हरवलेल्या हाडाच्या जागी बसवायची. अकरा आठवड्यांत जाळीचं हाड होतं. पन्नासच्या खाली गुण पडले तर खालचा खण उघडतो. त्यात करवतीचं पातं असतं. आकडा आल्यापासून मुदत अठ्ठेचाळीस तास. दुसऱ्या रुग्णालयात पळून उपयोग नाही. ओळखपत्र घातलं की तिथंही तेच गुण आणि तोच खण. खोऱ्यातले लोक कपाटाला 'कात्री' म्हणत. तीन वर्षांत कात्रीनं खोऱ्यातले सत्तावीस पाय खाल्ले होते.

संध्याकाळी पडद्यावर आकडा आला. चौतीस.

"यंत्र चुकलंय," सर्जेराव म्हणाला.

"पुन्हा लावते." पुन्हा चौतीस.

डॉक्टर मुजावरांनी सर्जेरावाच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी सरावाची खिडकी उघडली. विद्यार्थ्यांना शिकवायला ही खिडकी असते, तिच्यातून खण उघडत नाही, पण खेळता येतं. तोच पाय, तेच रक्त, तेच मोजमाप त्यांनी तसंच ठेवलं. फक्त पत्त्याच्या जागी काजळगावचा पिन कोड पुसून पुण्यातल्या एका पेठेचा घातला.

अडुसष्ट.

"सर्जेमामा," त्या म्हणाल्या, "पाय बरा आहे. गाव वाईट आहे."

"म्हणजे?"

"यंत्र म्हणतंय, काजळखोऱ्यातले पाय जोडले तरी धरत नाहीत. शंभरातले एक्याण्णव वाया जातात. त्याच्याकडे तशी नोंद आहे." त्यांनी पडदा वर सरकवला. जुन्या रजिस्टरांची छायाचित्रं होती. रकाना, आकडे, कोरल्यासारखं अक्षर.

छापील वाटतंय का नाही?

सर्जेरावानं स्वतःचं अक्षर ओळखलं. यंत्राला खोटं बोलता येत नाही. पढवलेलं तेवढं पोपटासारखं म्हणतं. या पोपटाला पढवणारा हात त्याचा होता, आणि पढवायचा हुकूम तुमचा.

"हे तुमच्या आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही?" त्यानं विचारलं.

"माझ्याही आलं नाही. सत्तावीसमधले नऊ पाय मी कापलेत मामा. आकडा बघितला आणि कापले. आज तुमच्या तोंडाकडे बघून खिडकी उघडायची बुद्धी झाली. तेव्हा मला हुशार समजू नका."

वैजयंताला सांगायचं काम सर्जेरावानं स्वतःकडे घेतलं. त्यानं काही लपवलं नाही. ती छताकडे बघत ऐकत होती.

"म्हंजे तुम्ही भरलेल्या रकान्यानं माझा पाय जातोय व्हय आप्पा?"

"होय."

"लोक आले नाहीत म्हणून तुम्ही त्यांना नापास केलं."

"परिपत्रक होतं."

"परिपत्रक होतं," तिनं वेडावून दाखवलं. "पोलावर चढा म्हणून मलाबी परिपत्रक असतं. तार जिवंत हाय का मेली, ते मी हात लावायच्या आधी बघती. तुम्हाला कधी बघावंसं वाटलं न्हाई, लोक जातात कुठं?"

 सर्जेरावाला खरंच कधी बघावंसं वाटलं नव्हतं. ती थोडी नरमली.

"मी बघितलंय. सांधजाईच्या टेकडीवरच्या पोलावर चढलं की देवीचं नांद्रुकाचं झाड समोर येतं. सगळं पांढरं दिसतंय. पहिल्यांदा वाटलं बगळे बसलेत. मग अक्षर दिसलं. तुमचं."

"माझं?"

"प्लास्टरं हो. फांद्याफांद्यांवर टांगल्यात. तुम्हाला सांगितलं न्हाई, कारण तुम्ही तडक जाऊन भांडला असता, सरकारी माल झाडाला का लावला म्हणून."

ही गोष्ट खरी होती. तो भांडला असता.

बुधवारी सकाळी सर्जेराव टेकडी चढला. दोनशे अकरा पायऱ्या, नीट घडवलेली एकही नाही. सत्तावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी त्याला आठवण करून दिली की हाडं त्यालाही आहेत. वर पोचला तर देवळाच्या कट्ट्यावर बाळाप्पा गुरव बसलेला. बाळाप्पाचा उजवा पाय गुडघ्याखाली प्लास्टिकचा. दोन वर्षांपूर्वी भाताच्या मळणीयंत्रात सापडला होता, कात्रीनं एक्केचाळीस गुण दिले होते. त्या दिवशी तो पाय कापायला धरून बसणाऱ्यांत सर्जेरावही होता.

"प्लास्टरमामा," बाळाप्पा म्हणाला, "तुम्ही देवीला? वाट चुकला काय?"

सर्जेराव झाडाकडे बघत होता. हल्लीचं प्लास्टर फायबरचं असतं, पावसात विरघळत नाही. नांद्रुकाच्या फांद्यांना पायांची, हातांची, कोपरांची टरफलं टांगली होती, उभी चिरलेली, सुतळीनं पुन्हा बांधलेली. काही हिरवट, शेवाळलेली. एकात चिमणीनं घर केलेलं. आणि प्रत्येकावर काळ्या पेनानं नंबर, तारीख आणि मोडलेल्या हाडाची रेघ.

"हे कशासाठी टांगतात?"

"आता बरं विचारता. हाड सांधलं की प्लास्टर आईला द्यायचं. विळ्यानं घरीच चिरायचं, आणून बांधायचं."

"आणि दवाखान्यात परत का येत नाहीत?"

"आईला दिलेलं हाड पुन्हा डॉक्टरला दावत न्हाईत. दावलं तर आईवर भरवसा न्हाई असं होतंय. ते हाड मग पुन्हा मोडतं, असं आमचे म्हातारे सांगायचे." बाळाप्पानं सर्जेरावाचा चेहरा बघितला. "तुम्हाला हसू येईल."

सर्जेरावाला हसू आलं नाही. त्यानं विचारलं, "बाप्पा, हे कुणीही आणून बांधतं? घरचा माणूस, शेजारी?"

"छ्या. ज्याचं हाड त्यानं. आणि पाय असंल तर त्याच पायानं चढून यायला पायजे. कुणाच्या खांद्यावर बसून आलेल्याचं आई घेत न्हाई. मी बांधून देतच न्हाई. तळोशीचा एक पाटील डोलीतनं आला होता, त्याला पायरीवरनं माघारी लावला. चार महिन्यांनी आला चालत, तवा बांधलं."

दोनशे अकरा पायऱ्या. वर्षानंतर पाय चालतो का, एवढंच तर तुमच्या रकान्याला विचारायचं होतं. तपासणीच्या खोलीत रोग्याला दहा पावलं चालवतात. इथं गुरव टेकडी चढवत होता. असमाधानकारक म्हणून नोंदलेले पाय ही परीक्षा देऊन, प्रमाणपत्र झाडाला बांधून, रोजच्या कामाला निघून गेले होते. बरे झाले म्हणून आले नव्हते. आणि बरे झाले म्हणून नापास झाले होते.

सर्जेरावानं रजिस्टरांची छायाचित्रं फोनमध्ये आणली होती. बाळाप्पा काठीनं फांदी खाली ओढायचा, सर्जेराव नंबर वाचायचा, रजिस्टरात शोधायचा. ऊन कलेपर्यंत दोघं हेच करत होते. उघड्या जखमेचे, कात्रीनं आज ज्यांना हमखास खाल्लं असतं असे तीनशे अठ्ठ्याऐंशी पाय सर्जेरावानं त्या रकान्यात घातले होते. त्यातले तीनशे एक झाडावर सापडले.

झाडामागं भिंतीला खिळे होते. तिथं प्लास्टरांऐवजी लोखंडी वस्तू टांगल्या होत्या: सळ्या, चाप, आणि गाडीच्या चाकासारखी पोलादी कडी, भोकाभोकांची. जुन्या काळी दवाखान्यात तुटलेल्या पायाला बाहेरून बसवत, ती. सर्जेरावानं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुढं गेला.

निघताना बाळाप्पानं काठी आडवी धरली.

"मामा, एक विचारू? दोन वर्सं झाली विचारीन म्हणतोय. माझा पाय कापायला पायजे होता का?"

सर्जेरावानं फोन खिशात टाकला.

"न्हाई, मी रोज ह्या झाडाखाली बसतो. लोक येतात, बांधतात, जातात. मी बांधून देतो. मला आईला द्यायला काय न्हाई. कापलेल्या पायाचं प्लास्टर कुठनं आणू?"

"बाप्पा," सर्जेराव म्हणाला, "मला खरंच ठाऊक नाही." आणि खाली उतरताना दोनशे अकरा पायऱ्यांत त्याला एकदाही गुडघे आठवले नाहीत.

गुरुवारी सकाळी डॉक्टर मुजावरांनी तुम्हाला पडद्यावर गाठलं. तीनशे एक नंबर, तीनशे एक छायाचित्रं आदल्या रात्रीच पाठवून ठेवली होती. तुमच्यापैकी जे साहेब पडद्यावर आले त्यांनी फाइल उघडली होती एवढं त्यांचं श्रेय.

"डॉक्टर, हे तुम्ही 'झाडाचा अहवाल' म्हणून जोडलंय. कोणत्या नमुन्यात आहे?"

"नमुना नाही सर. झाड आहे."

"लटकणाऱ्या वस्तू हा वैद्यकीय पुरावा होत नाही."

"त्या वस्तूंवर आपल्या रुग्णालयाचे नंबर आहेत. आपण स्वतः चालत आल्याशिवाय तिथं टांगता येत नाही."

"हे कोण प्रमाणित करतं?"

"गुरव."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "भावना समजतो मी. पुढच्या आवृत्तीत या मुद्द्याचा विचार होईल. दीड एक वर्षात येईल."

"रोग्याला आज संध्याकाळपर्यंतच मुदत आहे सर."

"मग खालचा खण उघडा आहेच की. कृत्रिम पाय आता फार चांगले मिळतात."

मागं उभा असलेला सर्जेराव पुढं आला. "साहेब, त्या पायानं पोलावर चढता येतं का?"

"हे कोण?"

"तो रकाना भरणारा मी. माझा शब्द तुम्ही अकरा वर्षं खरा धरलात. आज मीच सांगतोय तो खोटा होता, तर आज का नाही धरत?"

पडदा बंद झाला. बहुधा तुमच्याकडे चहाची वेळ झाली असावी.

डॉक्टर मुजावर हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ धूतच राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "कपाट नको. कपाटाशिवाय करू. जुन्या पद्धतीनं, कड्यांनी. वायरी स्टोअरमध्ये पडल्यात, त्या कुलपात ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. कडी मात्र सगळी भंगारात गेली, तीन वर्षांपूर्वी ट्रक भरून नेली त्यांनी. एक संच मिळाला असता तर..."

सर्जेराव तोवर दाराबाहेर पडला होता.

टेकडीवर बाळाप्पानं ऐकून घेतलं आणि नकाराची मान हलवली. "आईला दिलेलं माघारी न्यायचं न्हाई मामा."

"तुला ठाऊक आहे मी कशासाठी मागतोय."

"ठाऊक हाय म्हणून तर बसलोय, न्हाईतर काठीच घातली असती." तो देवीकडे तोंड करून थोडा वेळ काही पुटपुटला. मग उठला, प्लास्टिकचं पाऊल टेकत भिंतीपाशी गेला आणि खिळ्यावरून एकेक कडं काढून सर्जेरावाच्या हातात देऊ लागला. "आईनं घेतलं ते आईचं. पण तिनंच कुणाला वापरायला द्यायचं ठरवलं, तर गुरव मधी पडणारा कोण? एकच सांगतो. ज्या पायात घालाल त्या पायानं परत आणायची. पोरीला सांगा."

कडी उकळली, भट्टीत वाफवली. मुदत संपायला दोन तास असताना वैजयंताला आत घेतलं. चार तास लागले. चुरा झालेलं सहा सेंटीमीटर हाड काढून टाकलं, पोटरीचं मांस फिरवून जखम झाकली, पायाभोवती चार कडी आणि आरपार वायरी. वर, चांगल्या भागात, हाड मुद्दाम कापलं.

ही पद्धत जुनी, आणि जाळीपुढं अगदी बैलगाडी. कापलेला चांगला तुकडा कड्यांवरचे नट फिरवून रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. मागं जी फट पडते, तिच्यात शरीर नवं हाड धरतं. साखरेच्या पाकाची तार ओढतात तसं आहे हे: घाईनं ओढली तर तुटते, ओढायचं राहिलं तर गोळा होतो. दिवसातून चार वेळा पाव पाव मिलिमीटर. साठ दिवस सरकवायचं आणि मग ते कोवळं हाड टणक व्हायची वाट बघायची.

नट फिरवायचं काम सर्जेरावाचं. बापाच्या पेटीतला छोटा पाना त्यानं घासून चकचकीत केला होता. सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला आणि निजायच्या आधी. वैजयंता उशीत तोंड खुपसायची. पहिले काही दिवस ती बापाशी बोललीच नाही. एका दुपारी तो पाना घेऊन आला तेव्हा म्हणाली, "रकाना भरताना असंच मन लावून भरत होता व्हय?"

"होय."

"मग आता नीट फिरवा. उलटा फिरवला तर पाय पाठीत घालीन."

त्यानं नीट फिरवला. त्या दिवसापासून ती बोलू लागली, बोलू लागली म्हणजे टोचू लागली. डॉक्टर मुजावरांची महिन्याभरात बदली झाली, अशा ठिकाणी जिथं हाडांचा विभागच नाही. जाताना त्यांनी सर्जेरावाला आपल्या नऊ पायांचे केस नंबर लिहून दिले. "कधी कुणी विचारलं तर हे पण सांगा," म्हणाल्या.

नोव्हेंबरात कडी निघाली. डिसेंबरच्या एका सकाळी वैजयंता कड्यांची पिशवी खांद्याला अडकवून दोनशे अकरा पायऱ्या चढली. नऊ ठिकाणी बसली. तीन ठिकाणी बापाला शिव्या दिल्या. वर बाळाप्पानं कडी मोजून घेतली, खिळ्याला लावली आणि तिच्या पायाकडे बराच वेळ बघत राहिला.

पण वैजयंता खोऱ्याची रीत मोडणारीच. देवीला कडी देऊन ती त्याच आठवड्यात रुग्णालयात तपासणीला गेली. चालवून घ्या म्हणाली आणि समाधानकारक लिहा म्हणाली. संगणकावरच्या बाईनं तिचा नंबर घातला. पडद्यावर उत्तर आलं: 'हा अवयव काढलेला आहे. नोंद घेता येत नाही.' कात्रीनं चौतीस गुण दिले त्या दिवशीच तुमच्या यंत्रानं तिचा पाय कापून ठेवला होता. ती त्या पायावर उभी राहून पडदा वाचत होती.

त्या नोंदीनं तुम्ही जागे झालात. पाय कापल्याचं कळलं तेव्हा नव्हे हं. कापला नसल्याचं कळलं तेव्हा. जानेवारीत चौकशीला साहेब आले. तेच, पडद्यावरचे. प्लास्टरच्या खोलीत टेबल लावलं. सर्जेराव समोर, आणि त्याच्या बाजूला स्टुलावर बाळाप्पा गुरव.

"हे कोण?"

"साक्षीदार," सर्जेराव म्हणाला. "पाय प्रमाणित करतात."

साहेबांनी कागद सरळ केले. "देवस्थानातलं भंगार शस्त्रक्रियेसाठी आणलंत, हे मान्य आहे?"

"आहे. ते तुमचंच भंगार होतं. आमच्याकडचं तुम्ही नेलंत, देवीकडचं राहिलं."

"नियम मोडला, हे मान्य?"

"तोही मान्य. लिहा. आणि हेही लिहा, की अकरा वर्षं तुमचा नियम पाळला त्याचा गुन्हा मला याहून मोठा वाटतो. त्याची चौकशी कधी आहे? तिलाही मी येईन. डॉक्टरीणबाई नऊ पायांचे नंबर देऊन गेल्यात, त्याही येतील. तुम्ही याल का?"

"विषयाला धरून बोला."

"बरं." सर्जेरावानं फोन टेबलावर ठेवला. त्यात तीनशे एक प्लास्टरं होती, आणि शेवटी सत्तावीस नंबर, ज्यांच्यापुढं काहीच नव्हतं. "विषय हाच आहे. रकाना मी भरला, म्हणून ह्याच्या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही. माझं अक्षर आहे, डोकं तुमचं आहे. बाप्पा, विचार."

बाळाप्पा स्टुलावरून उठला. प्लास्टिकचा पाय त्यानं टेबलाशेजारी नीट टेकवला, साहेबांना दिसेल असा.

"साहेब, मला शिक्षा नको कुणाला, पैसा नको. एक्केचाळीस गुण पडले होते मला. गाव सोडून नुसत्या पायाचे किती पडले असते, ते यंत्रात हाय म्हणतात. काढा आणि सांगा." त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली. "माझा पाय कापायला पायजे होता का? व्हय का न्हाई, तेवढं सांगा. मी बसलोय."